न नांगरलेलं

कुरालाय गुडघ्यावर बसते,
पोलादी नळी मातीत उभी धरते
आणि हातोड्याचे नऊ घाव घालते.
नळी फिरवत उपसते, वर्तमानपत्रावर आडवी रिकामी करते:
तीस सेंटिमीटर काळोख.
काळोख म्हटलं खरं,
पण हा शेतातला; चहाच्या चोथ्याइतकाच काळा,
आणि खाली तर पिवळट, उपाशी.

"सत्तर वर्षं," ती म्हणते.
"गहू, गहू, मग एक साल पडीक, पुन्हा गहू."
क्षितिजापर्यंत एक बांध नाही,
ज्यावर बसून डबा खावा.
नांगर आला तेव्हा बँड वाजला होता म्हणे,
आगगाड्या भरभरून पोरं आली लांबच्या शहरांतून,
तंबूत कुडकुडली,
आणि पीक असं आलं
की धान्याला छप्पर पुरेना.
मातीने साठवणीतलं काढून वाढलं होतं.
पाहुण्यांना वाटलं, रोजचाच स्वयंपाक.

दुसरी नळी ओसाडीतली.
ब्याण्णवच्या हिवाळ्याआधी डिझेल संपलं,
मग पगार, मग सरकारी शेतीच.
ट्रॅक्टर थांबला तिथेच गंजून बसला.
माती सुधारावी असं कोणी ठरवलं नव्हतं.
आधी नुसतं तण माजलं, मग झुसान आलं,
आपल्या दवण्याच्या कुळातलं,
बोटांत चुरडलं की तसाच कडवट वास.
मग कुठे कुठे ते पिसासारखं गवत,
जे वाऱ्यात पाण्यासारखं वाहतं.
"एवढं परत आलं," कुरालाय नळीतल्या मातीवर
नखाने रेघ ओढते.
तीस वर्षांची कमाई, नखाच्या रुंदीची.
पलीकडे पिवळ्या झेंड्या रोवल्यात.
नवी कंपनी, नवा भाडेपट्टा,
वसंतात पुन्हा नांगर.

तिसरी नळी कुठून आणायची?
कधीच न नांगरलेलं हवं.
नकाशे पालथे घातले, तर उरलं एकच:
टेकाडावरचं कबरस्तान,
मातीच्या कबरी, पत्र्याची चंद्रकोर, मोडका कठडा.

"आता!" कुरालाय हाक मारते.
इथे म्हाताऱ्यांना, आजोबांना, आता म्हणतात.
माझ्या कानांना दर वेळी वाटतं,
कोणीतरी घाई करतंय.

तोलेगेन आता घाई करत नाहीत.
अठ्ठ्याऐंशी वर्षं, तीन दात, कोकराच्या कातड्याची टोपी.
पहिला तास त्यांनीच काढला होता या माळावर.
"साहेब म्हणाला, सरळ जा. टेकाड, कबरी, काही बघू नकोस.
मी दांडा ओढला आणि वळसा घातला.
महिन्याचा अर्धा पगार कापला."
मग जरा थांबून,
"बाकी सगळं मीच फाडलं."

नळी बघून विचारतात, हिचं पुढे काय?
सुकवायची, कुरालाय सांगते, तोलायची,
भट्टीत जाळायची, परत तोलायची.
"जे उरत नाही, तेच आम्ही मोजतो."
म्हातारा यावर बराच वेळ मान हलवत राहतो.

"आईपाशी नको खुपसूस. बायकोपाशी नको.
त्या कोपऱ्यात घे. ती जागा माझी आहे."

नऊ घावांत नळी निम्मीही जात नाही,
मुळंच इतकी.
मग बाहेर येतो तो काळोख, खरा,
वरपासून खालपर्यंत एकसंध,
ओला, केसाळ, तुटताना कण्या होणारा.
आता तो हातात घेतात, हुंगतात.
मला वाटलं, काही बोलतील.
रडतीलही कदाचित.

"मला पुराल तेव्हा हे खणावं लागेल," ते म्हणाले.
"खणलं की उडून जातं, असंच ना?"
"थोडंसं," कुरालाय म्हणाली. तिला खोटं बोलता येत नाही.
म्हाताऱ्याने मूठ उघडली,
माती पुन्हा खड्ड्यात सोडली,
टाचेने हलकेच दाबली.
"मग पोरांना सांगून ठेवतो," ते म्हणाले,
"अरुंद खणा. आणि वरची हिरवळ
उचलून बाजूला ठेवा, तशीच परत लावायला."